ताईची तंद्री

माझी थोरली बहीण जागेपणी झोपते. डोळे उघडे, पाठ ताठ, हातात चहाचा कप, आणि बाई स्वतः कुठेतरी लांब. आई तिला लहानपणापासून ‘तंद्री’ म्हणते. “तंद्रे, दूध उतू गेलं!” हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय, की आता दुधालाही ते पाठ झालं असेल. शाळेत या गुणाला ‘लक्ष नसणे’ म्हणत. पुढे सोळा वर्षं एका कंपनीने तिला याच गुणाचा पगार दिला, आणि एका सोमवारी याच गुणासाठी घरी बसवलं.

ताई सॉफ्टवेअर टेस्टर. हे काम नेमकं काय, ते तिने आईला एकदा सोपं करून सांगितलं होतं. “आई, प्रोग्रॅमर शहाण्या माणसासाठी स्क्रीन बनवतो. मी ती उरलेल्या माणसांसारखी वापरून बघते.”

आता ही उरलेली माणसं आणायची कुठून? तर तंद्रीतून. ताई कामाच्या टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत राहायची. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी हलायच्या, ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायचं, आणि हळूहळू कुणीतरी तिच्यासमोर येऊन उभं राहायचं. भांडी घासताना फोन वाजला म्हणून कोपराने बटण दाबणारी बाई. आडनावाच्या रकान्यात अख्खा पत्ता लिहिणारे आणि ‘जागा अपुरी आहे’ असं आल्यावर, आपलं घर लहान आहे म्हणून ओशाळणारे आजोबा. एक गृहस्थ तर फॉर्म पाठवून झाला की फोनला “बरं, येतो मग” म्हणायचे. ताई अगदी त्यांच्यासारखं करून बघायची, आणि स्क्रीन कोसळायची. कोसळली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते इतर बायकांच्या चेहऱ्यावर तान्हं बाळ झोपल्यावर दिसतं.

मग नवे साहेब आले. त्यांना मोजायची आवड होती. ताई दिवसाला दहा-बारा तपासण्या करते आणि आपोआप तपासणारा नवा प्रोग्रॅम चार हजार, असं त्यांच्या मोजणीत निघालं. “मधला वेळ कशात जातो तुमचा?” त्यांनी विचारलं.

“खिडकीत,” ताईने खरं ते सांगितलं.

तेरा टेस्टरांपैकी दोन राहिले. ताई त्या दोघांत नव्हती.

नोकरी शोधणं हे पूर्वी चपला झिजवायचं काम होतं, आता अंगठा झिजवायचं आहे. ताईने चार महिन्यांत दीडशे अर्ज केले. जाहिराती तिला वाचून दाखवायला आवडायच्या. “ऐक. टेस्टर पाहिजे. प्रोग्रॅमिंग यावं, डिझाइन यावं, ग्राहकाशी गोड बोलता यावं, गाडी असल्यास उत्तम.” आई म्हणाली, “जावई शोधतायत का?”

एकदा तर अर्ज अर्धाच भरून झाला होता, तोवर नकाराचं पत्र आलं. दुसरं कुणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. ताई आनंदाने ओरडली. तिने त्या पानाचा फोटो काढला आणि कंपनीला रीतसर कळवलं, की तुमच्या यंत्रात बग, म्हणजे चूक आहे. हा बग पुन्हा कसा दिसेल त्याच्या पायऱ्याही लिहिल्या, धंद्याचा तसा नियमच आहे. ‘पायरी पहिली : आधी आपली नोकरी जावी लागते.’ त्यावर उलट टपाली उत्तर आलं, धन्यवाद, आपला अर्ज नाकारण्यात येत आहे.

एका मुलाखतीत समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न आला, आणि उत्तरासाठी स्वतःचाच चेहरा. ताई त्या चेहऱ्याकडे आदराने बघत राहिली. समोरच्याचं बोलणं होईपर्यंत मध्ये तोंड घालू नये, ही आईची शिकवण. दोन मिनिटांनी पडदा म्हणाला, आपली वेळ संपली.

“मग तू दोन मिनिटं काय केलंस?” मी विचारलं.

“मला वाटलं ती बाई दमलीय बिचारी,” ताई म्हणाली.

आणि मग मामा आला. मामाचं सोफ्यांचं दुकान आहे. “एक तारखेपासून काउंटरवर बस,” तो म्हणाला. “शनिवारपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरं माणूस बघतो. सोफा विकायला काय लागतं? गिऱ्हाईक बसलं की निम्मं काम झालं.”

ताई एक दिवस जाऊन आली. एक जोडपं मोठ्या निळ्या सोफ्यावर बसलं. ताईने त्यांच्याकडे बघितलं, तिची तंद्री लागली, आणि तंद्रीतून परत येऊन ती म्हणाली, “हा घेऊ नका. तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर यातून उठता येणार नाही.” नवऱ्याच्या आईचे दुखत होते. त्यांनी त्याहून महाग, उंच बैठकीचा सोफा घेतला. मामा आईला फोनवर सांगत होता, “अगं, तुझी पोरगी माझ्या सोफ्यांचे बग काढते! तिला सोडू नकोस, माझ्याकडेच पाठव.”

म्हणजे मामाची नोकरी काही दयेची नव्हती. चांगली होती, घराजवळ होती. पण त्या दिवसापासून ताईने जाहिराती वाचून दाखवणं सोडलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “एकदा काउंटरवर बसले ना, की मी टेस्टर होते असं म्हणावं लागेल.” त्यातला ‘होते’ तिने इतका हळू म्हटला, की मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिला एका कंपनीचं बोलावणं आलं. जागा एक, उमेदवार नऊ. शनिवारच्या आतली ही शेवटची संधी.

नऊही जणांना एका लांबट खोलीत बसवलं होतं. पांढऱ्या भिंती, करडी जमीन, कोपऱ्यात कॉफीचं नवंकोरं यंत्र. थोडा वेळ सगळे शहाण्यासारखे बसले. मग मिशीवाले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी एकाच वेळी दोन बटणं दाबली. सहज. कॉफी आणि गरम पाणी एकदम आलं. चष्मेवाली एक मुलगी म्हणाली, “मध्येच कप काढून घेतला तर?” काढला. तिसऱ्याने कपच ठेवला नाही. चौथ्याने साखर शून्य करून शून्याच्याही खाली जायचं बटण दाबलं. ताईने विचार केला, की एखाद्या आजी आधी यंत्राला नमस्कार करतील, आणि तिने हात जोडता जोडता दोन्ही तळव्यांनी पडदा दाबला. दहा मिनिटांत यंत्राने ‘कृपया संपर्क साधा’ असं लिहून डोळे मिटले. नऊ बेकार माणसं टाळ्या देऊन हसली. ताई म्हणते, चार महिन्यांत तिला पहिल्यांदा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

मग गप्पा सुरू झाल्या. मिशीवाले वीस वर्षं या धंद्यात होते. “आम्ही आठ जण होतो. आता मी पण नाही. तिथे एक प्रोग्रॅम आहे, तो प्रोग्रॅमच तपासतो, आणि स्वतःच स्वतःला शाबास म्हणतो.”

“मी शिकवण्या घेते,” चष्मेवाली म्हणाली. “पोरांच्या उत्तरात चुका काढायच्या. काम तेच.”

“आणि इथे झालं नाही तर?” मिशीवाल्यांनी विचारलं.

“झालं नाही तर काय, काका, हे यंत्र दुरुस्त करायला तरी ठेवतील.”

परीक्षा दोन तासांची. दवाखान्याची वेळ ठरवून देणारं ॲप होतं, त्यातल्या चुका काढायच्या. आठ जणांच्या बोटांचा पाऊस सुरू झाला. ताईने खिडकी शोधली. बाहेर एक रिकामा चौक होता, त्यात एकच बाक. ती बाकाकडे बघत राहिली. खोलीतला टकटकाट लांब लांब गेला, जसा झोपताना घरातल्यांच्या बोलण्याचा आवाज जातो. बाकावर एक बाई येऊन बसली. साठीची असावी. पर्स मांडीवर, पर्सवर फोन. नवऱ्यासाठी घेतलेली वेळ तिला रद्द करायची होती, कारण नवरा आता नव्हता.

ताईने ती बाई होऊन वेळ रद्द केली. ॲपने कारण विचारलं. पर्याय तीन होते. ‘वेळ जमत नाही.’ ‘दुसरे डॉक्टर घेतले.’ ‘आता बरं वाटतंय.’ चौथा नव्हता. कारण दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि रद्द केलं नाही तर रोज सकाळी नवऱ्याच्या नावाने आठवण येत राहणार होती.

कुणी पन्नास चुका लिहिल्या, कुणी सत्तर. ताईने चार लिहिल्या. चौथीखाली एकच ओळ होती : ‘बाई थोडा वेळ बघत राहते आणि “आता बरं वाटतंय” निवडते.’

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी कागद वाचला. मग चष्मा काढून पुसला. मग ताईला बाजूला बोलावून म्हणाल्या, “तुम्हाला खरं सांगते. टेस्टरची जागा आज सकाळी वरून रद्द झाली. तुम्ही सगळे आधीच येऊन बसला होता, मला सांगवेना.”

“मग या चुका?”

“त्या आम्ही दुरुस्त करू,” त्या ओशाळून म्हणाल्या. “तुमची चौथी आजच.” मग पुढे म्हणाल्या, “मदतीच्या फोनवर एक खुर्ची रिकामी आहे. सकाळचे चार तास. लोकांचं ॲपमध्ये काही अडलं की ते फोन करतात. पगार कमी आहे, आणि पदाचं नाव टेस्टर नाही.”

ताईने विचारलं, “फोनवर येतात ती खरी माणसं असतात?”

“फारच खरी,” त्या म्हणाल्या.

शनिवारी मामा उत्तर घ्यायला आला, तेव्हा मी तिथेच होतो.

“सोळा वर्षं टेस्टर, आणि आता टेलिफोन उचलणार?” मामा तडकला. “माझ्याकडे याच्या दुप्पट मिळेल.”

“तिथे खरी माणसं येतात, मामा.”

“मग माझ्या दुकानात काय पुतळे येतात?”

“तुमच्याकडे येऊन ती बसतात,” ताई म्हणाली. “मला अडलेली हवीत.”

मामाने आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. “लहानपणापासून अशीच आहे,” ती छताला म्हणाली. मामा उठला, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाला, “तुझ्या अडलेल्यांचे उभं राहून पाय दुखले की पाठव माझ्याकडे. सवलत देईन.”

ताई कामाला लागली त्याला आता तीन आठवडे झाले. खोली लहान आहे, खिडकी नाही. मला जरा काळजी होती. पण परवा ती सांगत होती, की सकाळी एका गृहस्थांचा फोन आला. म्हातारा, स्वच्छ आवाज.

“बाई, मी तपासणीची वेळ घेतली. आता हे विचारतंय, ‘तुम्हाला खात्री आहे का?’ खाली हो आणि नाही.”

“मग काय अडलं, काका?”

“मी वीस मिनिटं विचार करतोय. तशी खात्री नाही हो मला.”

ताई म्हणाली, सोळा वर्षांत तो प्रश्न तिने नुसतं ‘हो’ दाबून लाखभर वेळा मागे टाकला असेल. तिच्या तंद्रीतून आलेल्या माणसांपैकी एकानेही कधी थांबून त्याचा विचार केला नव्हता. तिने वही जवळ ओढली. “घाई नाही काका,” ती म्हणाली, “मी आहे फोनवर.”

“मग काय दाबलं त्यांनी?” मी विचारलं.

“काहीच नाही. चालू फोन तसाच खिशात ठेवला आणि फिरायला निघाले. मला पावलं ऐकू येत होती. आधी फरशी, मग खडी, मग बराच वेळ वाळलेली पानं.”

“आणि तू?”

“मी गेले ना त्यांच्याबरोबर,” ताई म्हणाली.