मागच्या भिंतीजवळची परीक्षा

आमच्या मेडिकल कॉलेजच्या सभागृहाचे शिपाई म्हणजे मामा. कुणाचे मामा ते विचारू नका, प्राचार्यही त्यांना मामाच म्हणतात. माइक, प्रोजेक्टर, पंखे सगळं त्यांच्या ताब्यात. बावीस वर्षं पाहुण्यांची व्याख्यानं ऐकून अर्धवट ज्ञान भरपूर. मी ऑफिसातला कारकून, नुसतं शिंकलो तरी मला दोन रोगांची नावं ऐकवायचे.

एका व्याख्यानाची मात्र चेष्टा चालायची नाही. स्मृतिभ्रंशावर बोलायला दरवर्षी बाहेरगावचे एक नामांकित डॉक्टर यायचे. सुरुवातीला पाच शब्द सांगायचे आणि तासाभराने मुलांना तेच विचारायचे. शब्द दरवर्षी नवे. मामा मागच्या भिंतीला टेकून मुकाट्याने तीच परीक्षा द्यायचे. पास झाले, की ते पाच शब्द तिथल्याच कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवायचे. नऊ ओळी झाल्या होत्या.

कारण त्यांची अक्का. साठीच्या आतच ती सख्ख्या भावाला "तुम्ही कोण?" विचारायला लागली होती. आणि मामांना यंदा अठ्ठावन्नावं लागलेलं.

"हे मलाही होणार का, एवढंच डॉक्टरांना विचारायचंय," दरवर्षी म्हणायचे. आणि दरवर्षी डॉक्टरांना पाणी देऊन हात हलवत परत यायचे.

मी वैतागायचो. "विचारलं तर काय खातील का तुम्हाला?"

"खाणार नाहीत रे. पण सांगतील."

यंदाचे शब्द होते छत्री, सुतार, गाजर, पायरी, निळा. हजेरीचे कागद घ्यायला मी मागेच उभा होतो. तासभर मामांचे ओठ पुटपुटत होते, कॉलर घामाने भिजली होती. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने पाचही शब्द धडाधड सांगितले. मामांच्या जिवात जीव आला.

"चूक," डॉक्टर हसून म्हणाले. "एकही बरोबर नाही. कंगवा, विहीर, शिंपी, लिंबू, काळा!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मामा पांढरेफटक पडले. मला वाटलं, झालं, नापास. पण ते कपाटाचं दार उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभे होते. कंगवा, विहीर, शिंपी. गेल्या वर्षीची ओळ.

ते तरातरा पुढे गेले. "माफ करा सर, गेल्या वर्षीचा कागद मीच चुकून तुमच्यापुढे ठेवला."

"मामा, तुम्हीच विसरायला लागलात की!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह खिदळलं. ज्या गोष्टीची या माणसाने इतकी धास्ती घेतली होती, तीच त्याने भर सभेत अंगावर ओढून घेतली. त्या पोरांच्या एकेक ठेवून द्यावी असं मला वाटलं.

डॉक्टरांची बॅग घेऊन मी व्हरांड्यात आलो, तर ते मामांपाशी थांबले होते.

"मामा, मी कागद कधीच वापरत नाही."

"माहीत आहे, सर." मामा म्हणाले. "माझ्या अक्काचंही सुरुवातीला असंच..."

डॉक्टरांच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच होता. "तिला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही. कुणाचीच हिंमत झाली नाही."

"मग मला सांगा. याआधी कधी चुकलोय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"गेल्या वर्षी, सर. एकच किस्सा तुम्ही दोनदा सांगितलात. मुलं दोन्ही वेळा हसली."