गवताची आग

लढाईची वर्षं होती. लोणावळ्यात लष्कराच्या गाड्यांची सारखी ये-जा असायची, बंगल्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते, आणि बाजारात कोणी लढाईबद्दल मोठ्यानं बोललं तर पोलीस हटकायचे. माझे यजमान तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. रविवारी ते राजमाचीच्या वाटेवरच्या ठाकरवाडीत चालत जायचे. तिथली चार पोरं शाळेत यावीत म्हणून त्यांच्या आयाबापांची मनधरणी करायची, एवढाच उद्देश. मला ते आवडायचं नाही, कारण रविवार तेवढाच एक दिवस ते घरी सापडायचे.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या रविवारी ते दुपारीच परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसेच बसले. मग मला दिसलं की त्यांचा डावा गाल आणि डावा कान लालभडक झालाय, चुलीशी फार जवळ बसल्यावर होतो तसा.

त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. टेकाडाच्या वर आभाळात काहीतरी उभं होतं. उपड्या परातीसारखं, पण आमच्या शाळेच्या छपराएवढं. आधी त्यांना विमान वाटलं, विमानं तेव्हा आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. पण याला पंख नव्हते, आवाज नव्हता, आणि विमान काही एका जागी उभं राहत नाही. मग ते कलंडलं आणि टेकाडामागं उतरलं. पांढरा उजेड पडला. हे धावत गेले, पण धग इतकी होती की जवळ जाता येईना. गुरं राखणाऱ्या ठाकर बायका ओरडत वाडीकडं पळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लष्करानं ती वाट बंद केली. गावात दवंडी फिरली की डोंगरावर गवताला आग लागली आहे, कोणी तिकडं जाऊ नये. ठाकरवाडीतल्या माणसांना गाड्यांत घालून कुठंतरी हलवलं. तिथं गोळीबाराचा सराव होणार, असं कारण सांगितलं.

हे शाळेतून परस्पर पोलीस चौकीत गेले. मी नको म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं, गवत अजून ओलं होतं, आग लागेलच कशी; सरकारला कोणी चुकीची माहिती दिली असेल तर ती सुधारायला हवी. इतका सरळ माणूस होता. चौकीत त्यांनी सगळं सांगितलं, पुढं आलेल्या लष्करी साहेबालाही सांगितलं, आणि गप्प बसायला सांगितल्यावर वर्गात मुलांनाही सांगितलं. आठवडा उलटायच्या आत त्यांना घेऊन गेले. आधी म्हणाले अफवा पसरवल्याचा गुन्हा आहे. मग म्हणाले, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंय.

माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. शेजारपाजारच्या बायका दारात यायच्या बंद झाल्या. सासरचे म्हणाले, असेल बाई, फार वाचायचा तो. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा अन्न जाईना. एकच विचार डोक्यात बसला होता, की दुसरं कोणीतरी बघितलेलं माणूस सापडायला हवं. एकटा वेडा होईल, दोघं कसे होतील?

माझं माहेर शिरगावकडचं. तिथून मोठ्या भावाला बोलावून घेतलं. तो बिचारा शेतीची कामं टाकून आला, पण पहिल्यापासून त्याचं मन घेत नव्हतं. ठाकरांना नाणे मावळात कुठंतरी आणून टाकलंय असं त्याला कोणाकडून तरी कळलं. आम्ही गाडीनं कामशेतला उतरलो आणि चालत निघालो, मुलगी माझ्या कडेवर. त्या दिवशी काही हाती लागलं नाही. पुन्हा एकदा गेलो, तेव्हा एका ओढ्याच्या काठी त्यांच्या नव्या झोपड्या दिसल्या.

आम्ही जवळ गेलो तसा एक म्हातारा उठून उभा राहिला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, "गवताला आग लागली. आमी काय बघितलं न्हाई."

पुढच्या झोपडीत बाईनं तेच सांगितलं. तिसऱ्या झोपडीतही तेच, शब्दाला शब्द. माझा भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "चल. ह्यांना पढवलंय. कुनी बोलायचं न्हाई."

मी तिथंच ओढ्याच्या काठी खाली बसले आणि रडायला लागले. मला लाज वाटली नाही. मुलगीही रडायला लागली. मग एक म्हातारी ठाकरीण गोठ्यातून बाहेर आली. पदर तोंडावर घट्ट ओढलेला होता. तिनं मुलीला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकून थोपटलं, आणि त्या धांदलीत तिचा पदर सरकला. तिचा उजवा गाल कानापर्यंत सोलून निघाला होता. खाली नवी गुलाबी कातडी आली होती.

"मावशी," मी म्हटलं, "माझ्या मालकांचा गाल असाच आहे. डावा. ते खरं बोलले म्हणून त्यांना वेड्यांत नेऊन ठेवलंय."

ती म्हणाली, "मास्तर व्हय? पोरास्नी शाळेत धाडा म्हनून यायचं ते?" मी मान हलवली. तिनं मला गोठ्यात नेलं. तिथं तिची गाय होती. तिच्या एका डोळ्यावर पांढरं पडलं होतं. "ही तिकडं त्वांड करून हुबी हुती. आता तेवढ्या बाजूनं दिसत न्हाई तिला." तिनं जे सांगितलं ते यांनी सांगितलेलंच होतं. तिनं त्याला परात म्हटलं नाही, सूप म्हटलं. एवढाच फरक.

पुण्याला चल म्हटल्यावर तिच्या घरच्यांनी मोडता घातला. साहेबानं तंबी दिलीय, म्हणाले, बोललात तर ही जागापण जाईल. भाऊही मला ओढत होता. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती आली. का आली ते मी तिला कधी विचारलं नाही.

इस्पितळाचा डॉक्टर आपल्याकडचाच होता, तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यानं म्हातारीला खिडकीशी नेऊन तिचा गाल पाहिला. मग भावाला आणि म्हातारीला बाहेर बसायला सांगून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता सुटलो.

तो म्हणाला, "बाई, तुमचे यजमान वेडे नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अशी कातडी मी आणखी एकाची पाहिली. तो गोरा शिपाई होता. आता नाही तो."

"मग सोडा ना त्यांना."

"ते माझ्या हातात नाही. ते जोवर पाहिलं म्हणतात तोवर त्यांना इथं ठेवायचा हुकूम आहे. लढाई संपेपर्यंत, आणि कदाचित नंतरही. आणि या म्हातारीला परत कोणापुढं उभी करू नका. तिलाही इथं आणतील." मग म्हणाला, "ते तुमचं ऐकतील. त्यांना म्हणावं, काही पाहिलं नाही असं सांगा."

मी विचारलं, ते काय होतं. तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि ज्यांनी हुकूम दिलाय त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही.

यांना आणलं तेव्हा मी ओळखलं नाही. डोकं भादरलेलं, सदरा खांद्यावरून उतरत होता. मला बघून पहिलं वाक्य म्हणाले, "मुलीला खोकला होता, गेला का?" मी त्यांना ठाकरणीचं सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्यानं पुढचं बोलवेना. पण मी बोलले, काही पाहिलं नाही असं सांगा म्हणून.

"म्हणजे तुझा विश्वास आहे," ते म्हणाले.

"आहे. अगदी पूर्ण आहे."

"आणि तरी तू म्हणतेस."

"तरी म्हणते. तुम्ही घरी हवे आहात. मला बाकी काही नको."

ते भिंतीकडं बघत राहिले. वर्गात मुलांना काय सांगू, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी साहेबासमोर त्यांनी सांगितलं की गवताला आग लागली होती, मी काही पाहिलं नाही. साहेबानं ते त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. मग सोडलं.

लोणावळ्याची शाळा त्यांना परत मिळाली नाही. नवलाख उंबरे या गावी बदली झाली. तिथं आम्ही संसार मांडला. ते पूर्वीसारखेच नेमानं शिकवायचे, घरात कधी आवाज चढवला नाही, मुलीचे लाड करायचे. पण संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसायची सवय त्यांनी सोडली. उन्हाळ्यातसुद्धा आत, छपराखालीच बसायचे.

लढाई संपली आणि राजमाचीची वाट मोकळी झाली. मी भावाला घेऊन वर गेले. ठाकर परत आले होते, म्हातारी मात्र तिकडं नाणे मावळातच वारली होती. टेकाडामागं मोठा खड्डा होता. तिथली माती खरवडून गाड्या भरभरून नेली होती, असं वाडीतले आता उघड सांगत होते. खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि म्हशी डुंबत होत्या.

घरी येऊन मी यांना सांगितलं, की आता भीती नाही, वाडीतले सगळे बोलतात, माती कशी नेली तेही सांगतात. मला वाटलं होतं ते काहीतरी विचारतील.

ते जेवत होते. घास तोंडात घालून सावकाश चावला आणि म्हणाले, "कसली माती? गवताला आग लागली होती."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझ्याशी खोटं बोलत होते, की त्यांना आता खरोखरच तसं वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. पुढं कितीदा तरी विचारायचं मनात आलं. विचारलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बघितलेलं एकही माणूस माझ्या ओळखीत उरलेलं नाही. मी स्वतः तर त्या दुपारी घरात मुलीला निजवत होते.