हिरव्या ठिपक्यांची झाकणं

“न्हाय साहेब, मी हात नाय लावला. मॅडमनीच झाकणं काढलेली. मी बघितलं.”

मी असं म्हणाले आणि मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. ते खोटं होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही – घरात नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते.

वरसाव्याला माझं घर. तिथून चालत जाण्याजोगी एक प्रयोगशाळा होती. मी तिथे काचेची भांडी धुवायची. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं थर्मासात यायची. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडम त्यांतून अंडी काढायच्या – नुसत्या डोळ्यांना नीट दिसायचीही नाहीत. ती एका दिवसात म्हातारी होतात, मग त्यांचं वासरू होत नाही. मॅडमनी कांद्याच्या सालींतून एक औषध काढलं होतं. ते घातलं की अंडी जास्त वेळ टिकायची.

“मला पण द्या की दोन थेंब,” मी म्हणायची.

“मावशी, तुम्हाला बादलीभर लागेल.”

वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या.

दोनदा औषध लागू पडलं. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी बजावलं – तिसऱ्यांदाही तसंच आलं तर काम पुढे, नाहीतर बंद.

तिसऱ्या खेपेच्या त्या सकाळी मी अंडी उबेत ठेवायच्या कपाटातलं पाणी बदलत होते. तेवढंच माझं काम. आतल्या, अंडी ठेवलेल्या चार बश्यांच्या झाकणांना घाम आला होता. स्वयंपाकघरात आपण काय करतो? पुसतो. मी चारही काढली, पुसली, परत ठेवली. हिरवा ठिपका म्हणजे औषधाची बशी – पण ठिपके झाकणांवर होते, बश्यांवर नव्हते. कुठलं कुठे गेलं, मी बघितलंच नाही.

दुपारी हिरव्या ठिपक्याखालची अंडी काळवंडलेली निघाली. बाकीची चांगली. मॅडम म्हणाल्या, झाकणांची अदलाबदल झालीय. साहेबांनी मला बोलावलं. तोवर मला सगळं कळलं होतं.

खरं बोलले असते तर? नोकरी गेली असती – कदाचित नसतीही. भीती वाटली, हे खरं. पण भीतीपोटी माणूस नुसतं ‘नाही’ म्हणतं. मॅडमचं नाव मी माझ्या डोक्याने जोडलं. कुणी विचारलंही नव्हतं.

साहेब मॅडमला म्हणाले, “झाकणं स्वतःच काढायची, आणि मनासारखं आलं नाही की बदलली म्हणायचं? मग आधीचे दोन निकाल कसे आले?”

मॅडमनी मला खोटं पाडलं नाही. हळूच म्हणाल्या, “काढली असतील मी. थकले होते.” म्हणजे स्वतःपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला – हे मला अजून सहन होत नाही. तेव्हा मात्र मी सुटले म्हणून श्वास सोडला होता.

महिन्याभरात त्यांना काढलं. औषधाचं काम बंद पडलं. गुडघे उभं राहू देईनासे झाले तोवर, आणखी सात वर्षं, मी तिथेच भांडी धुतली.