आमच्या कडक बाई

कोपरीतल्या आमच्या मराठी शाळेत तिसरीची तुकडी एकच, आणि तिची वर्गशिक्षिका मी. त्यामुळे माझी मुलगी तिसरीत गेली ती थेट माझ्याच पुढ्यात येऊन बसली. स्टाफरूममध्ये लगेच कुजबुज सुरू झाली, की यंदा पहिला नंबर घरचाच. माझं डोकं तापलं. पहिल्याच दिवशी मी मुलीला रिक्षात बजावलं, "फाटकाच्या आत मी बाई. अहो-जाहो करायचं. आई फक्त बाहेर."

पोरीने नियम नको इतका पाळला. बाहेर "आई, बाटली दे ना" म्हणणारी ती आत पाऊल टाकताच म्हणायची, "बाई, तुमच्या ओढणीला चटणी लागलीय."

मीही मागे हटले नाही. ती वर्गात बडबडली तेव्हा तिच्या डायरीत लाल शाईने लिहिलं, 'फार बोलते. पालकांनी लक्ष द्यावे.' संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तीच डायरी माझ्यापुढे आली.

"आई, बाईंनी सही मागितलीय."

मी पिठाच्या हाताने सही केली. नवरा उशीत तोंड खुपसून हसत होता. मी त्याच्यावर डाफरले.

"आमच्या बाई फार कडक आहेत गं," ती म्हणाली.

"तुमच्या भल्यासाठीच ना," मी बाईंची बाजू घेतली.

"असू दे. पण त्या सगळ्यांना बाळा म्हणतात. जी मुलं वहीच आणत नाहीत त्यांनासुद्धा. मला मात्र आडनावाने हाक मारतात. मी त्यांना आवडत नाही का गं?"

माझं लाटणं थांबलं. चार जणींच्या कुजबुजीला घाबरून मी अख्ख्या वर्गावर माया करत होते आणि माझ्याच पोरीला वगळत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"उद्या बोलते मी त्यांच्याशी," मी म्हटलं.

"ओरडू नकोस हां. तशा चांगल्या आहेत त्या."

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाशी आली. "दाखव बाळा," मी म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. ती म्हणाली, "घ्या बाई," आणि वही उलटी धरली.

शाळा सुटली. फाटक ओलांडताच तिने माझा हात धरला.

"बोललीस ना त्यांच्याशी?"

"बोलले."

"ओरडलीस?"

"थोडी."

"रडल्या?"

"थोड्या."