बार्जवरच्या नूडल्स आणि दाऊदभाईंचं ताट

मी सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. एकवीस वर्षांपैकी बरीचशी राशन स्टोअरमध्ये गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बहरीनला आलो तोही स्टोअरकीपर म्हणूनच. वर्दी गेली, वही राहिली.

आमची बार्ज बुसैतीनच्या उत्तरेला चार अँकरांवर उभी असायची. काम समुद्रातली वाळू उपसून भराव घालण्याचं. मागे शंभर मीटरवर भरावाचा नवा दगडी बांध होता, अजून जमिनीला न जोडलेला. ०५३० चहा, ०६०० काम, १२०० जेवण, १७०० बोटीने शिफ्ट बदल.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कुकच्या पोटात दुखायला लागलं. ०८०० च्या बोटीने त्याला सलमानिया हॉस्पिटलला पाठवलं. सोबत दुसरा विंच ऑपरेटर गेला, कारण त्याला अरबी येत होती. ११०० ला शमाल, म्हणजे तिकडचा वायव्येचा वारा, सुटला. दुपारी किनाऱ्यावरच्या कंट्रोलचा रेडिओ आला.

"बोट येणार नाही. हवामान सुधारेपर्यंत थांबा. ओव्हर."

"किती दिवस? ओव्हर."

"इंशाल्ला, दोन. आउट."

बार्जवर नऊ माणसं. विंच चालवू शकणारा एकच, दाऊदभाई. वय पन्नास, गाव दाभोळच्या खाडीकाठी. शमालमध्ये विंचवरचा माणूस म्हणजे बार्जचा प्राण. अँकरच्या वायरी कधी सोडायच्या, कधी ओढायच्या, हे त्याच्या हाताला कळावं लागतं. हात चुकला की बार्ज मागच्या दगडांवर.

मी स्टोअर तपासलं. तांदूळ संपलेला, कुकने कळवलेलं नव्हतं. नूडल्सची तीन खोकी, टोमॅटो सॉसमधल्या तारलीचे अठ्ठेचाळीस डबे, कांदे, आलं, लसूण, मिरच्या. गोडं पाणी बेताचं. नूडल्समध्ये डब्यातली मासळी घालणं मी बर्फातल्या पोस्टवर शिकलो होतो. पाणी मोजून घालायचं, ओतून द्यायचं नाही, रस्सा डब्यातल्या सॉसचा. मंगळवारी संध्याकाळी तेच केलं. लोक खूश झाले.

"सुभेदारसाब, फाइव्ह स्टार!" पंजाबी वेल्डर म्हणाला. "बस, बिल मत देना."

माझी एक सवय होती. राशन किती दिलं हे मी लिहायचोच, शिवाय कोण जेवलं तेही लिहायचो. नऊ नावं, पुढे टिकमार्क. बार्जमास्टर फर्नांडिस गोव्याचा. तो म्हणाला, "ढेकर कोणी दिला तेही लिही रे बाबा."

दाऊदभाई विंचची केबिन सोडू शकत नव्हते. डुलकीसुद्धा तिथेच, तेवढा वेळ मी वायरीचा ताण दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायचो. ताट मी नेऊन द्यायचो, परत आणायचो. मंगळवारी संध्याकाळी ताट रिकामं. बुधवारी सकाळी रिकामं. दुपारी रिकामं. तीन टिकमार्क.

बुधवारी १२२० ला ते तिसरं रिकामं ताट घेऊन परत निघालो, तर वाऱ्याच्या झोताने केबिनच्या मागच्या बाजूला ढकलला गेलो. तिथे रेलिंगला नूडल्स चिकटल्या होत्या. काही वाळून कडक झालेल्या, काही ताज्या.

मी जागीच उभा राहिलो. कारण हे मी आधी पाहिलं होतं.

त्या बर्फातल्या पोस्टवर मी हवालदार होतो. तेव्हा फक्त दिलेलं राशन लिहीत असे. तितक्या उंचीवर भूक मरते. लान्स नायक बाळू शेलार रोज त्याचा मेस टिन रिकामा करून परत द्यायचा. रिकामा टिन म्हणजे जेवला, असा माझा हिशेब. बारा दिवसांनी तो गस्तीवर, दोराला बांधलेला असतानाच खाली बसला आणि उठला नाही. नंतर त्याच्या तंबूमागे बर्फात टाकलेलं अन्न सापडलं. तेव्हापासून मी कोण जेवलं याची दुसरी यादी ठेवायला लागलो. आणि बार्जवर त्याच यादीत पुन्हा रिकामं ताट बघून खुणा केल्या होत्या.

मी केबिनमध्ये गेलो. दाऊदभाईंनी लिव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"दाऊदभाई, कालपासून पोटात काय आहे?"

"तीनदा जेवलो. तुमच्या वहीत बघा."

"वही चुकली. रेलिंग बघून आलो."

त्यांनी नजर वायरीकडे वळवली. मग म्हणाले, "फर्नांडिसला सांगू नका. माझा बाप तांडेल, गलबत चालवायचा. तीस वर्षं दर्यावर काढली नि आता मना लाट लागली म्हणून सांगू?" लाट लागणं म्हणजे बोट लागणं.

"नाही सांगत. पण तुम्ही खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"ती तारली न्हवं, पेटीत घातलेलं मढं हाय! नाकाशी आलं की पोट उलटतं."

"मग कशी करू? तुम्ही हुकूम द्या."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तो लाल चिखल खरवडून काढा. तेल फेका. आलं घाला, लाज नको, मूठभर घाला. लसूण, मिरची. माझ्या ट्रंकेत आमसुलां हायत, घरून आणलेली. मासा कोरडा करा, कडक. नि त्या नूडल्सचा मसाला, खलास, समुद्रात!"

मी गॅलीत गेलो. चार डबे फोडले, सॉस काढून टाकला, तुकडे आलं-लसणावर परतले, आमसुलं घातली. टोमॅटोचा वास गेला. कोरड्या नूडल्सवर ते घातलं आणि १३१० ला दोन ताटं घेऊन केबिनमध्ये गेलो. एक त्यांना दिलं. दुसरं घेऊन समोर बसलो.

"जेवताना माझ्या तोंडात काय बघताव?"

"बघणार. एकदा बघितलं नव्हतं." मी त्यांना शेलारचं सांगितलं. चार वाक्यांत.

त्यांनी ताट जवळ ओढलं. एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. अर्धं ताट संपायला वीस मिनिटं लागली. पोटात राहिलं. "मीठ कमी हाय," ते म्हणाले. मला बरं वाटलं. आजारी माणूस मिठाची तक्रार करत नाही.

१४२० ला बार्जला मोठा हिसका बसला. फर्नांडिस वॉकीटॉकीवर ओरडला.

"पोर्टचा, डावा अँकर घसरतोय! बांध ऐंशी मीटर!"

"दिसतंय," दाऊदभाई म्हणाले.

"ओढ, दाऊद, ओढ!"

"ओढला तर निखळेल. सोडतो."

वायर सोडायची म्हणजे बार्ज दगडांकडे आणखी मागे जाणार. पण वायर लांब पडली तरच अँकर तळाला धरतो. त्यांनी ब्रेक थोडा थोडा सैल केला. पाच मीटर. दहा. मी खिडकीतून बांध मोजत होतो आणि मोठ्याने सांगत होतो. सत्तर. साठ. पंचावन्न. लिव्हर आता एकाच हातात होता. वीस मीटर वायर गेल्यावर काटा एकदम वर चढला. त्यांनी ब्रेक लावला. बार्ज ताणली गेली, करकरली, थांबली.

"धरलान," ते म्हणाले.

फर्नांडिसने कंट्रोलला कळवलं, "अँकर होल्डिंग. सगळे नऊ ठीक. ओव्हर." वेळ १४४१.

गुरुवारी दुपारी वारा पडला आणि बोट आली. दाऊदभाई जिना उतरताना फर्नांडिस म्हणाला, "तांडेलाचं रक्त आहे, त्याला कसली लाट!" दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही गप्प राहिलो. आता ते निवृत्त होऊन गावी आहेत. हे लिहायची परवानगी त्यांनी पत्राने दिली. अट एकच, आमसुलांचं श्रेय त्यांच्या बायकोला.

नंतर जिथे जिथे मेस माझ्या ताब्यात होती, तिथे मी लोकांबरोबर बसून जेवलो. नागरी मित्रांना हे मैत्रीचं लक्षण वाटतं. ती ड्युटी आहे.

लान्स नायक बाळू शेलार. वय सव्वीस. चांगला नेमबाज, वाईट गायक. तीन महिन्यांची मुलगी, तिला त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं. त्याच्या कागदावर मृत्यूचं कारण 'हवामान' असं आहे. ते खोटं नाही. पण बारा दिवस मी रिकामा टिन मोजला, माणूस मोजला नाही. त्या कागदावर ते नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.