घाटातला गुळगुळीत ओंडका

खंडाळ्याहून निघालो तेव्हा लेकीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी कडावला न्यायला मी गेले होते. आगगाडीने नेते म्हटलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "इंजिनाच्या धुरात गर्भारशी नको." बैलगाडीचे धक्के त्यांना चालत होते.

घाटाच्या तोंडाशी गाडीवान महादूने गाडीमागे दोराने ओंडका बांधला. उतारावर तो जमिनीला घासतो आणि गाडीला मागे ओढून धरतो. बाकीचे गाडीवान दर खेपेला सालीसकट नवा ओंडका घेतात. महादूचा जुनाच. ज्या लाकडाने घाट सुखरूप उतरवला ते शकुनाचं, असं त्याच्या घरात मानतात. वरून कुंकू लावलेलं, खालून जेवायच्या पाटासारखं गुळगुळीत.

पहिलं वळण ठीक गेलं. पुढे रस्त्यावर उघडा कातळ लागला आणि गाडी बैलांच्या अंगावर जाऊ लागली. ओंडका नुसता सरकत होता. बैल गुडघ्यावर आले. एका बाजूला दरी. महादूने गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला घातली, तेव्हा थांबली.

"आई, मी चालत येते," लेक म्हणाली.

"या कातळावरून? पाय घसरला म्हणजे? बस गप."

मी उतरले आणि ओंडका उलथा केला. "महादू, कुऱ्हाड काढ. याला खाचा पाड."

"नाय आजी. घाव घालायचा नाय त्याला. आजवर दगा दिला नाय त्यानं."

"पाटा गुळगुळीत झाला की मिरची वरवंट्याखालून पळते ना? मग बायको त्याला टाकी लावून परत खडबडीत करून घेते. तेव्हा शकुन मोडतो का रं?"

"पाट्याचं येगळं."

"बैलांचे गुडघे बघ, मग सांग मला."

त्याने बघितले. रक्त आलं होतं. "तुमीच घाला घाव," म्हणाला आणि कुऱ्हाड माझ्या हातात देऊन पाठ फिरवून उभा राहिला.

सरपण फोडायची मला सवय आहे. आडव्या खाचा पाडल्या आणि निघालो. ओंडका आता रस्त्याला धरून चालला. घसरण थांबली, पण हिसके वाढले. हे मला सुचलं नव्हतं. गोधडी लेकीच्या कमरेखाली कोंबली, पोटावर हात ठेवला. पोर हलतंय की गाडी, काही कळेना.

खोपोलीला तळ्याकाठी गाडी सोडली. लेकीला आडवं केलं. भाकरी-कांदा काढला, पण भाकरी कोणी मोडली नाही. पुष्कळ वेळ गेला.

"आई, लाथ मारली."

"जोरात?" महादूने लांबूनच विचारलं.

"हो."

"मग पोरगाच हाय!"

"पोरी लाथ मारत नाहीत काय रं?" मी म्हटलं, आणि भाकरी मोडली.

पळसदरीवरून कर्जत गाठून कडावला आलो. शेजारणी विचारायला जमल्या, घाट कसा आहे? वरून सगळं कोकण दिसतं म्हणतात. दिसत असेल. मी लेकीच्या पोटाकडे बघत होते.