आमच्या घरावरचा तळतळाट

आमच्या घरातली मुलगी सासरी नांदत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. पणजोबांनी विधवा भावजयीला तिच्या लहान मुलीसकट घराबाहेर काढलं आणि उंबरठ्यावरून तिने शाप दिला, "तुमच्याही लेकी अशाच परत येतील." आजोबांची बहीण माहेरीच वारली. माझी आत्या लग्नानंतर दोन वर्षांत परत आली. मी लायब्ररीतून भयकादंबऱ्या आणायचे, त्यांतही आज्याचं पाप नातवंडांच्या मानगुटीवर बसायचं. फक्त तिथे त्यासाठी निदान एखादा किल्ला लागायचा. आम्हाला बदलापूरचा, कात्रपमधला दोन खोल्यांचा ब्लॉक पुरला.

नव्वदच्या सुमारास माझं लग्न ठरलं आणि वडिलांचं जेवणातलं लक्ष उडालं. आनंदनगरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस, कधी देवळात न जाणारा. गावाकडून त्यांनी शोध काढला. त्या भावजयीची मुलगी अजून होती, उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये मुलाकडे.

"चल," ते मला म्हणाले. "पाय धरू त्यांचे."

खाली मुलाचा जीन्स शिवायचा कारखाना आणि वर घर. मशीनच्या घरघरीत वडिलांना जवळजवळ ओरडूनच बोलावं लागलं. "आत्याबाई, आमच्या आजोबांनी तुमच्या आईवर अन्याय केला. तिचा शाप माझ्या मुलीला भोवू नये, एवढंच मागायला आलोय."

म्हातारीने कान पुढे केला. "शाप? कुणी दिला?"

"तुमच्या आईने. घर सोडताना."

"मी तिचं बोट धरून उभी होते की! एक शब्द बोलली नाही ती. सरळ चालायला लागली." मग म्हणाली, "राग होता तिला. मरेपर्यंत होता. पण दुसऱ्याच्या लेकींचं वाईट चिंतणारी नव्हती. तुमच्याच माणसांना मन खात असेल, दुसरं काय."

वडील खाली मान घालून बसले. म्हणाले, "मग माफी तरी द्या."

"ती आईने द्यायची. मी कशी देऊ? हिच्या लग्नाला मात्र बोलव. येईन मी."

घरी आलो तेव्हा आत्या कणीक मळत होती. वडिलांनी सगळं सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले.

"म्हणजे माझा नवरा नुसताच दारुडा होता?"

ती वडिलांकडे वळली.

"दादा, मी मार खाऊन आले तेव्हा तुम्ही सगळे शाप शाप करत रडलात. त्याला जाऊन जाब कुणी विचारला नाही."

"नाही विचारला," वडील म्हणाले. "चुकलंच माझं."

मला वाटलं, आता ती रडेल. पण ती हसायला लागली. कणकेचे हात तसेच वर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. त्या संध्याकाळी वडील दोन पोळ्या जास्त जेवले.

तोवर आत्या कुठल्याही शुभकार्यात मागच्या खोलीत बसायची. माझ्या हळदीला ती आपणहून पुढे आली, तिनेच पहिली हळद लावली. शेजारी खुर्चीवर म्हातारी बसली होती आणि तिला सारखी सांगत होती, "अगं, कानामागे राहिली बघ. नीट लाव."